सुटं चाक

होल्मफर्थच्या पुलापाशी क्रॅबट्रीचं दुकान.
दाराला सायकलचीच घंटी, अंगठ्यानं वाजवायची.
आत आकड्यांना टांगलेल्या चाकांच्या दोन जोड्या
आणि खाली मी, अठ्ठावन्न वर्षांची,
निरोप समारंभातलं पाकीट पर्समध्ये घट्ट धरून.

चारशे ग्रॅमचा फरक, तो काटा दाखवत म्हणतो.
चारशे ग्रॅम म्हणजे दोन वांगी, एक कांदा.
याच्या दसपट गेल्या थंडीपासून
माझ्या कमरेवर बसलंय,
हे तो सभ्यपणे बोलत नाही.

अ‍ॅल्युमिनियमला आमच्या घरी जर्मल म्हणायचे.
पोचे पडलेलं, बुडाशी काळं पातेलं,
दूध कधी गळलं नाही त्यातून.
आणि कार्बन म्हणजे दोन पावत्यांमधला
बोटं बरबटवणारा कागद;
खालची प्रत कायम फिकट.
त्याच्या चाकावर बसून मी होम मॉस उतरायचा?

नखानं वाजवून बघते.
एक ठण्ण करतं.
दुसरं रिकाम्या खोक्यासारखं, आतल्या आत.

एकतीस वर्षं हडर्सफील्डच्या एक्स-रे खात्यात
केसाएवढ्या भेगा शोधल्या मी.
जर्मल आधी वाकतं, कुरकुरतं.
कार्बन गप्प राहतं, राहतं, आणि मग
एकदम.
नीट वापरलं तर काही होत नाही हो, क्रॅबट्री म्हणतो.
हा 'नीट' शब्द मी प्लास्टर घातलेल्यांकडून फार ऐकलाय.

मग तो मागून एक सुटं चाक आणतो.
कार्बनचं, मागचं.
याचं जोडीदार फुटलं, मेल्टमच्या खड्ड्यात.
अर्ध्या किमतीत नेता?

मेल्टमचा खड्डा. मार्चमधला शनिवार.
उजव्या खांद्यालगतचं हाड, दोन तुकडे.
तो फोटो मीच काढला होता.
नाव नाही सांगणार.
हाड जुळलं, जरा वेडंवाकडं, पण जुळलं.

हेच द्या मागं, मी म्हणते. पुढं जर्मल.
तो असा बघतो, जणू मी दोन जोडांतल्या
दोन चपला घालून लग्नाला निघालेय.
ब्रेकचे रबर वेगवेगळे लागतील.
लागू देत.

तारा आवळता आवळता कड्यावर बोट ठेवून विचारतो,
तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
बैलगाडीच्या चाकाला असते ती धाव, मी सांगते.
आणि पळण्याला?
तीही धाव.
तीनदा म्हणून बघतो बिचारा.
'ध' काही जमत नाही, दरवेळी दावंच होतं,
गुरं बांधायचं.
मी दुरुस्त करत नाही.

रविवारी होम मॉस. धुकं, मेंढ्या,
कुणीतरी टाकलेला एक हातमोजा.
चढावर मागचं चाक जणू नव्हतंच.
उतारावर पाऊस आडवा आला.
दोन्ही ब्रेक दाबले.
पुढचं किंचाळलं, अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाईल असं.

मागचं गप्प.
गावाची पाटी येईपर्यंत
माझा कान मागेच.