शेवाळवाडी नाका, रात्रपाळी

इनामदार डॉक्टरबाईंनी पेन उघडलं
आणि माझ्याच रिपोर्टाच्या पाठीवर पेशी काढल्या:
चार वाटोळे बटाटे, त्यांना मिशा.
"ह्या विषाणूला ओळखतात. म्हणजे, ओळखायच्या.
बघून बघून थकल्यात, ढमढेरे."

म्हटलं, बाई, हे मला नका सांगू.
मी एकोणीस वर्षं जकात नाक्यावर काढली.

सोलापूर रोडला रात्री अकरानंतर रांग लागायची.
कांदा, सिमेंट, सरकी, मीठ, पुन्हा कांदा.
पहिल्या वर्षी मी ताडपत्री उचलायचो,
वास घ्यायचो, पोत्यात सळई खुपसायचो.
तिसऱ्या वर्षी नुसती टॉर्च.
सातव्या वर्षी माझा हात एकटाच नोकरी करत होता:
शिक्का, पावती, शिक्का,
मान वर नाही.
लाच नाही घेतली, शप्पथ.
ट्रक दिसेनासाच झाला.

आत तसंच चाललेलं.
हा माल आईकडून आला, जन्मतानाच,
तिला ठाऊक नसताना.
म्हणून आमच्या नाक्याला तो कधी परका वाटलाच नाही,
पन्नास वर्षं,
हडपसरच्या रक्तदान शिबिरातून बंद पाकीट येईपर्यंत.

रात्री नऊला एक गोळी. टेनोफोविर.
ती कुणाला मारत नाही, बाई म्हणाल्या, छपाई रोखते.
नवे ट्रक भरत नाहीत.
सहा महिन्यांत कोटींचे हजार झाले,
दोन वर्षांनी कागदावर: आढळला नाही.
शालनने शेवयांची खीर केली.
मी विचारलं, मग त्या मिशावाल्या? जाग्या झाल्या?

बाई खोटं बोलत नाहीत.
"थोड्या. काहींच्या. कधी कधी."

मला पासलकर आठवला.
ट्रकवाल्यांचा संप होता, आठ दिवस.
रस्ता इतका मोकळा की कुत्री मधोमध झोपलेली.
चौथ्या रात्री पासलकरने चष्मा पुसला.
एकच टेम्पो आला, पावतीवर कोबी,
आणि हा खुर्चीतून उठला:
"कोबीनं एवढे पाटे दबत नाहीत."
खाली तांब्याची तार निघाली.
अकरा वर्षांत त्याने पकडलेलं ते पहिलं.
नवव्या दिवशी संप मिटला.
दहाव्या दिवशी शिक्का, पावती, शिक्का.

"आणि गोळी थांबवली तर?"

मूळ प्रत आहे ना, म्हणाल्या,
पेशीच्या रेकॉर्ड रूममध्ये.
गोळीचा हात तिथवर पोचत नाही.
थांबवली तर लोंढा परत येईल.
त्या गर्दीत एखाद्याचा नाका खडबडून उठतो
आणि कायमचा निकाल लावतो.
एखाद्याचा नाकाच पेटतो.
यकृत बहुतेक विषाणू जाळत नाही, ढमढेरे.
जाळतात पहारेकरी, माल शोधताना.

तिथून उठलो, स्टेशनपर्यंत चालत आलो,
पीएमटी आली तरी चढलो नाही.
चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात आईचं पोट फुगलं होतं.
यवतहून कुणी आणलेला माणूस
चुन्याच्या पाण्यात तिचे हात धुऊन कावीळ उतरवत होता,
पाणी पिवळं झालं की आम्ही खूश.
तिच्या आत तेव्हा
बहुतेक कुणीतरी जागं होत होतं.

नाका आता नाही. तिथे टायर विकतात.
पासलकर रविवारी भेटतो.
बोलता बोलता त्याचा अंगठा बशीच्या काठावर
दाबला जातो, उचलतो, दाबला जातो.
मी दुसरीकडे बघतो.

थांबवायची नाही असं ठरलंय, सध्या.
नऊला शालन पेला ठेवते,
मी गिळतो, दिवा घालवतो
आणि उजव्या बरगडीखाली हात ठेवून पडतो.
रस्ता मोकळा आहे.
चष्मा पुसायला किती वर्षं लागतात
हे बाईंनाही माहीत नाही.