पहिल्या खाचेत लावू नये

मकरपुऱ्यात स्प्रिंगा दाबून बघायचं एक यंत्र आहे,
त्याला जोडलेला संगणक माझ्या धाकट्या भावाहून वयाने मोठा.
कीबोर्डवरचा शून्य बोटांनी पुसून नेलेला.

पिनाकिनभाईंचं म्हणणं एवढंच :
"बेन, स्प्रिंग दबाय ने आ चोंटी जाय."
नवा घ्या, हे त्यांना तिघांनी सांगून झालंय.
नव्यात हे कार्ड बसत नाही
आणि कार्ड बनवणारी कंपनी उरलेली नाही.

चार स्क्रू चहाच्या बशीत काढले,
बाजूचा पत्रा उतरवून भिंतीला टेकवला.
आत धूळ नव्हती.
शेजारी दिवसभर ग्राइंडर, वीस-पंचवीस वर्षांचं डबडं,
आणि धूळ नाही?
तिथेच थांबायला हवं होतं. थांबले नाही.

कार्ड उपसलं. सोनेरी दात काळवंडलेले.
लेकाच्या कंपासमधलं खोडरबर आणलं होतं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं,
ते हलक्या हाताने, एकाच दिशेने.
चुरा फुंकायचा नसतो, फुंकरीत थुंकी असते;
ब्रशने झाडला.
दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबून बसवलं. टक्.
चालू केला.
स्प्रिंग दाबली.
माऊसचा बाण जागच्या जागी मेला.

मग रॅम काढून घातली.
मग घड्याळाचा सेल बदलला, तारीख आजची केली.
मग फ्लॉपी, जी तिसऱ्यांदा लागली,
घसा खाकरत, नाइलाजाने.
एक पोरगा दाराशी उभा राहून हे सगळं बघत होता,
पिनाकिनभाईंचा नातू, तीर्थ,
आणि मी त्याच्याकडे पाहिलं की ग्राइंडरकडे बघायचा.

दोन वाजता यादी उघडली,
कुणाला कोणता क्रमांक मिळालाय त्याची.
कार्डाला अकरा.
चित्र दाखवणाऱ्या कार्डालाही अकरा.
म्हणजे दोन बिऱ्हाडांना एकच बेल.
एरवी कुणी वाजवत नाही म्हणून भांडण नाही,
पण स्प्रिंग दबली की यंत्र बेलवर बोट ठेवतं ते काढतच नाही,
दोघंही दाराकडे धावतात
आणि दारातच अडकतात.

"कार्ड आधी कुठे होतं?" मी विचारलं, हवेला.
तीर्थ म्हणाला, "दिवाळीत साफ केलं, ब्लोअरने.
खालून तिसरीत होतं.
वरची रिकामीच होती ना,
म्हटलं पहिली जागा रिकामी कशाला."

कार्ड खाली आणलं.
स्प्रिंग दबत गेली, आकडे चढत गेले,
दहा, सतरा पूर्णांक चार, एकतीस.
पिनाकिनभाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

पत्रा लावायला उचलला तेव्हा दिसलं,
आतल्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसलेलं,
बॉलपेनने, पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीवर :
पहिल्या खाचेत लावू नये.
भा. रा. मणेरीकर. १४-८-९९.

का, ते नाही.
माझे तीन तास त्या 'का'चे.

"मणेरीकर? सायकलवर यायचे," पिनाकिनभाई म्हणाले,
"बोलायचे नाहीत. चहासुद्धा खुणेने नको म्हणायचे."
आणि मग, पाकीट अर्धं उघडून,
"खराब शुं हतुं?"

काहीच नाही, म्हटलं. जागा चुकली होती.

जागेचे पैसे कसे लावतात, मला ठाऊक नाही.
त्यांनाही नव्हतं. पाचशे दिले,
शंभर परत मागावेत की नाही असा चेहरा करून.

निघताना एकदा स्प्रिंग मोकळी सोडून पाहिली.
आकडे उतरले, उतरले,
शून्यावर यायचे ते शून्य पूर्णांक दोनवर थांबले.
"ए तो पहेलेथी," पिनाकिनभाई म्हणाले.
मी चिकटपट्टीकडे पाहिलं.
त्याबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नव्हतं.