फणसाची पेटी

सावर्ड्याच्या रस्त्याला खनिजाचे ट्रक होते तेव्हा
माझी सुई दर चार मिनिटांनी उडायची.
गाणारी बाई एका शब्दाशी अडायची
आणि दोन ओळी पलीकडे उतरायची,
मध्ये काय झालं ते न सांगता.

गोकुळदास च्यारीला बोलावलं.
चौतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत,
दोन्ही कान करवतीने नेलेले.
पाटीवर लिहिलं : थरथर नको.
त्याने तबकडीखालची पेटी उचलली,
कडेला जबडा टेकवला, टिचकी मारली.
"फणस!" केवढ्यानं ओरडला.
"ह्याचा मृदंग होतो, मास्तर.
हे गप्प बसायचं लाकूड न्हय."

सागाची फळीही त्याने दातांनीच ऐकली.
एकट्या सागाला आपला एक हट्टी सूर असतो,
म्हणून सागावर किंदळ, किंदळावर पुन्हा साग,
रेषा एकमेकींना आडव्या.
मधल्या पोकळीत तव्यावर भाजलेली नदीची रेती,
तिच्यात जुन्या जाळ्याची शिशाची वजनं.
तळाला चिरा, भोकाभोकांचा,
ठोकला तर ठक्क म्हणून विसरून जाणारा.
आणि पायांखाली रबरी ट्यूबचे चार तुकडे,
त्याच ट्रकांच्या.

"थरथरीला मारता येत नाही," म्हणाला,
"आत घ्यायची. वाटेत दमवायची."

संध्याकाळी भरलेला ट्रक गेला.
कपाटातले पेले किणकिणले,
पालीने जागा बदलली,
बाई मात्र शब्द पुरा करून पुढे गेली,
पहिल्यांदाच.
मी आवाज वाढवला, खिडकीच्या काचा भरेपर्यंत.
गोकुळदासने नव्या पेटीला जबडा लावला.
बराच वेळ.
"काही म्हणजे काही येत नाही," म्हणाला,
कारागीर हसतो तसा हसला,
आणि जबडा तिथेच राहिला त्याचा.

पैसे अर्धेच घेतले.
फणसाची पेटी कुठे टाकली, विचारलं.

आता खाणी बंद आहेत.
रस्त्यावर लाल धूळ तेवढी, तीही बसलेली.
रविवारी तो येतो, पायरीवर चपला आपटतो.
मी चार स्क्रू काढतो,
मोटर, तबकडी, सुईचा दांडा
सगळं उचलून जुन्या पेटीवर बसवतो.
बाई घोगरी होते, खर्जात गुरगुरते,
त्याचा पाय हलला तरी सुई घसरते.
मला ऐकवत नाही खरं तर.

तो डोळे मिटून, गाल लाकडावर.
समेला बोट उचलतो.
बहुतेक वेळा बरोबर.