झाकणाखाली

सोमवारी पाच लिटरचा कॅन फोडला,
बुधवारी निम्मा उरला.
झोम्बाच्या आमच्या दवाखान्यात औषध येतं, बाटल्या येत नाहीत.
लोक आपापल्या आणतात:
फँटाची, तेलाची, एकदा तर शाईची,
धुऊनही बुडाशी निळी राहिलेली.
"धुतलीत ना?"
"धुतली," सगळेच म्हणतात.
कुठल्या पाण्याने, हे मी विचारत नाही.
माझ्या नळालाही तेच येतं.

साखर काही सडू देत नाही, असं शिकवलं होतं आम्हाला.
घट्ट पाकात जीव तगत नाही,
पाक त्याच्याच अंगातलं पाणी शोषून घेतो.
खरं आहे ते.
पण पुस्तकात चिपेरोनी नव्हता,
मोझांबिककडून धुकं हाकत येणारा जूनमधला ओला वारा.
दुपारी ऊन पडलं की पत्रा तापतो, रात्री हाडं गारठतात,
बंद बाटलीतली वाफ झाकणाला जाऊन चिकटते,
तिचा थेंब होतो,
पडतो.
रोज एक, रोज एक.
पाकावर पाण्याचा पापुद्रा धरतो,
कांद्याच्या सालीइतका पातळ.
त्यात ना साखर पुरेशी, ना औषध टिकवणारं औषध.
कुणाला तरी तेवढं तळं पुरतं.

शुक्रवारी अबिती सैदी आली.
पाठीशी चितेंजेत बांधलेला युसुफु, खोकून खोकून लाल.
तिने बाटली खिडकीपाशी धरली.
"आत ढग आलाय."
होता.
कडेने पांढरा, मध्ये हिरवट,
बाळाच्या जावळासारखा मऊ.
झाकणाच्या आट्यांत काजळी.
"रोज वरचं काढून टाकते चमच्याने,
थोब्वावर साय धरली की काढतो तसं.
खालचं चांगलंच असणार ना?"
किती दिवस दिलंत?
"तीन. गोड आहे, मागून घेतो."

मी बाटली ठेवून घेतली.
तिला काय सांगितलं, आता नीट आठवत नाही.
काहीतरी सांगितलं.

ब्लँटायरला लिंडिझगा बशीत पेरते, मग वाट बघते.
पाच दिवस. बुरशीला घाई नसते.
सहाव्या दिवशी फोन:
"मोजता येत नाहीत. काळे, हिरवे, एकमेकांत घुसलेत.
आणि ऐक, फक्त त्या बाटलीत नाही.
तुझ्या कॅनमध्येही आहे. तळाशी कमी, तोंडाशी जास्त.
कशाने ओततेस तू?"

मापाच्या जगाने.
प्लास्टिकचा, रेघा पुसट झालेला.
रोज संध्याकाळी मीच विसळते
आणि फडताळात ठेवते, उताणा.
बुडाशी चमचाभर पाणी राहतं.
आठ वर्षं राहतंय.

वहीत एक्केचाळीस नावं होती.
नावापुढे गाव, गावापुढे काही नाही.
शनिवारी आणि रविवारी सायकलवरून हिंडले.
सव्वीस बाटल्या परत मिळाल्या,
नऊ रिकाम्या होत्या,
एकीत रॉकेल भरलेलं.
बाकीच्यांचं माहीत नाही.
एका आजोबांनी दिलीच नाही,
म्हणाले, तुम्ही द्याल आणि तुम्हीच न्याल?

युसुफु बरा आहे.
त्या औषधाने की त्या औषधाशिवाय, कोण सांगणार.
जग आता पालथा असतो. पत्र धाडलंय वर,
नवा कॅन मंजूर आहे, निघालेला नाही.

काल अबिती सैदी पुन्हा आली,
फडक्यात गुंडाळलेली बाटली घेऊन.
उकळलेली. हातात धरवत नव्हती इतकी गरम.
"या वेळी नीट केलीय," म्हणाली.
माझ्याकडे भरायला थेंब नव्हता.
ती बाकावर बसली, मीही बसले.
रिकाम्या काचेत वाफ हळूहळू पांढरी होत होती.
ती झाकण फिरवायला लागली
आणि मी तिचा हात धरला.