काचेची जाडी

कर्वेनगरच्या घरी बाबांचं कपाट आवरायला घेतलं
तर पाटबंधारे खात्याच्या एका जुन्या डायरीत,
विजेची बिलं आणि चष्म्याच्या नंबराचा कागद यांच्यामध्ये
तिकीट सापडलं. ओसाकाच्या मत्स्यालयाचं.
निळं होतं, आता राखाडी झालंय.
कोपऱ्यातला मासा तेवढा अजून हसतोय.

आम्हाला तिकडे तेव्हा चार वर्षं झाली होती.
आई-बाबा पहिल्यांदाच आलेले,
एका बॅगेत भाजणी, एका बॅगेत औषधं.
जुई पाच वर्षांची. आमच्यावर मराठीत रागवायची
आणि माशांशी जपानीत बोलायची.

तिथं आधी वर नेतात, मग खाली उतरवतात,
एकाच हौदाभोवती, मजल्यामागून मजला,
म्हणजे बुडत असतो आपण, सावकाश, रांगेनं,
पाणी आपल्या जागी असतं.
आईनं तीन मासे ओळखले
आणि त्यातल्या दोघांचे भाव सांगितले.
ठिपक्याठिपक्यांची ती अवाढव्य मुशी
थांब्यावर न थांबणाऱ्या पीएमटीसारखी
समोरून निघून गेली, तेव्हा अख्खा मजला ओऽऽ म्हणाला.

त्यात बाबांचा आवाज नव्हता.

ते मागच्या भिंतीला पाठ लावून उभे,
पिशवी छातीशी.
'काच किती जाड आहे, विचार जरा.'
मी हसले. मग विचारलं.
गणवेशातल्या मुलीनं एक वीत दाखवली,
मग आणखी चार बोटं.
बाबांनी मान हलवली.
पटल्याची नव्हती ती मान, ऑफिसातली होती :
फाईल पाहिली. शेरा नाही.

'एवढ्या पाण्याशेजारी
लोक आइस्क्रीम खातायत,' एवढंच म्हणाले.

परतताना मी बोलले त्यांना.
एवढं तिकीट, एवढा प्रवास,
आणि तुम्ही भिंतीला चिकटून.
निरंजननं मला डोळ्यांनी गप्प केलं.
बाबा खिडकीबाहेर बघत होते.
'छान होतं की,' म्हणाले.

पानशेत फुटलं तेव्हा बाबा नऊ वर्षांचे होते. नारायण पेठेत.
त्यातली एकच गोष्ट त्यांनी आम्हाला सांगितलेली, तीही हसवायला :
समोरच्या गायनक्लासातली पेटी
रस्त्यावरून तरंगत गेली,
झाकण उघडत, मिटत.
पेटीमागून काय काय गेलं, ते नाही.
नोकरी मात्र पाण्याचीच केली, बत्तीस वर्षं.
घर बघताना तिसऱ्या मजल्याच्या खालचं
एकही दार उघडायला लावलं नाही.

तिकिटाच्या पाठीवर पेन्सिल आहे.
लांबी, रुंदी, खोली, तिन्हींपुढे 'अंदाजे'.
घनमीटर.
मग 'काच गेल्यास' असं लिहून
मिनिटांचा आकडा, खोडलेला,
दुसरा आकडा, तोही खोडलेला.
त्याखाली, जरा दाबून :

जिना डावीकडे.
जुई माझ्याकडे.
निरंजननं हिला धरावं.
वैजूला पोहता येतं.

वैजू म्हणजे मी.
चार उन्हाळे मला टिळक टँकवर
ओढत नेलं होतं त्यांनी, मी रडत असताना.
स्वतः कधी उतरले नाहीत.
काठावर टॉवेल घेऊन उभे राहायचे,
आणि मला वाटायचं, किती कडक माणूस आहे हा.

जुई आता चौदाची आहे. तिनं ते वाचलं,
उलटसुलट करून पुन्हा वाचलं.
'डावीकडे म्हणजे कुठून धरून?' म्हणाली,
'काचेकडे तोंड की पाठ?'

मी कपाटाला पाठ टेकून उभी राहते,
पिशवी नाही, म्हणून डायरी छातीशी धरते.
डावा हात उचलून बघते.

तिकडे स्वयंपाकघर आहे.
नळाला पाणी आलंय.
आई बादली सरकवतेय, तिचा आवाज.