तीन पायऱ्या

आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत.
पणजोबांनी घर बांधलं तेव्हा एकही नव्हती;
एखादी गाय चुकून थेट चुलीपर्यंत यायची म्हणे.

घर खोल रोवलेल्या लाकडी खांबांवर,
ते जागच्या जागी राहिलं. जमीन गेली खाली.
गवत वाढावं, ट्रॅक्टर रुतू नये
म्हणून प्रत्येकानं चरातलं पाणी वीतभर उतरवलं,
आणि उघडी पडलेली काळी पीट
न पेटता जळत राहिली,
धुराशिवाय,
वर्षाला नखाएवढी.

तिसरी पायरी केली तेव्हा मी नऊ वर्षांची.
हाइतनं सिमेंट कालवलं
(इथे फ्रीसलंडमध्ये बापाला हाइत म्हणतात)
आणि ओलं असतानाच त्यावर
येल्त्येनं खूर ठेवला.
येल्त्ये गेली. खूर आहे.
पाऊस पडला की त्यात पाणी साचतं, चिमण्या पितात.

यंदा मार्चमध्ये त्येत्स्के आली, मोजायला.
गवतावर काचेची पेटी पालथी घालून
ती जमिनीचा श्वास धरायची.
गोठ्यात तिनं एक यंत्र ठेवलं:
गाय पेंडीच्या लोभानं तोंड घालते,
रवंथ करते, ढेकर देते,
आणि तो ढेकर आकडा होऊन पडद्यावर येतो.

"पोट भरल्याची पावती ती," हाइत म्हणाला,
"आता ती पण खर्चात?"
मग टोपी काढून
स्वतःचंच डोकं घातलं आत.
यंत्रानं त्याला गाय मानलं नाही.
त्येत्स्के हसली, मी हसले,
हाइत नाही हसला.

आकडे तिनं स्वयंपाकघरात सांगितले,
दुधाच्या एका लिटरमागे इतका.
गाईंचा वेगळा, मातीचा वेगळा.
मातीचा मोठा होता.
हाइतनं कॉफी ढवळली, साखर न घालता.
"म्हणजे आजोबांनी केलेलं
मी विकत होतो."
ती म्हणाली, तसं नाही हो.
पण कसं, ते तिला सांगता येईना.

ऑक्टोबरात मागच्या कुरणाचा बांध त्यानं उचलला.
अठ्ठावीस गाई ट्रकमधून गेल्या;
ट्रक वळेपर्यंत तो
गोठ्यातलं एकच बिजागर पुसत होता.
पाणी वर आलं, मंद, चहाच्या रंगाचं.

जमीन परत वर येईल का, मी विचारलं.
नाही, त्येत्स्के म्हणाली. थांबेल फक्त.

चौथ्या पायरीसाठी आणलेल्या विटा
भिंतीशी रचलेल्या आहेत.
हाइत संध्याकाळी त्यांच्यावर बसतो, बूट काढतो,
चिखल झटकतो
आणि पुन्हा तेच बूट घालतो.