ओल्या पाटीचा वास

मार्चचा दुसरा शनिवार. तळघरात नऊ अंश.
टेबलावर अकरा बाटल्या,
प्रत्येकीवर लोकरीचा मोजा, गळ्यापर्यंत ओढलेला,
लेबल दिसू नये म्हणून.
मोजे गेरेऑनच्या बायकोने विणले होते. ती गेली.
मोजे दरवर्षी धुऊन येतात.

आम्ही चौघं.
गेरेऑन, ज्याचा मळा थेट मोझेल नदीवर वाकलेला,
इतका उभा की तोडणी करताना कंबरेला दोर.
सेव्हेरीन, ज्याचा मळा त्याच डोंगराच्या वळणापलीकडे,
जिथून ऊन दुपारी तीनलाच
हिशेब मिटवून निघतं.
त्याची सून फ्रीडेरिके, वही घेऊन.
आणि मी, हिल्ट्रूड. चाळीस वर्षं या गावाचं नाक.

नाक नोव्हेंबरात गेलं.
साधा ताप, तीन दिवसांचा.
चौथ्या सकाळी कॉफी म्हणजे नुसतं गरम, काळं पाणी.
कुणाला सांगितलं नाही.
सुताराने हात गेल्याचं सांगावं कुणाला, गिऱ्हाइकाला?

पहिला ग्लास. आंबटपणा जिभेच्या कडांवरून
नव्या कात्रीसारखा सरकला.
"दोन हजार दहा," मी म्हटलं.
त्या साली द्राक्षं ऑक्टोबर सरला तरी
हट्ट सोडायला तयार नव्हती.
मोजा उतरला. दोन हजार दहाच.
"आणि वास?" फ्रीडेरिकेचं पेन तयार.
"हिरवं सफरचंद. लिंबाची साल."
वहीने लिहून घेतलं. वही कुणाचंही ऐकते.

तिसरा: जाड, ऐसपैस, तोंडात बसला तो उठेना,
घरी जायचं विसरलेल्या पाहुण्यासारखा.
दोन हजार तीन. त्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या होत्या.
हेही जमलं.

सहावा जुना. रंगावरूनच कळलं, आणि
गेरेऑन ग्लासात नाक घालून स्वतःशीच हसला म्हणून.
"रॉकेल," मी म्हटलं.
"रॉकेल!" दोघं म्हातारे म्हणाले, खूश होऊन.
बाहेरचे लोक या वासाला नाकं मुरडतात,
आमच्याकडे ती तारीफ.
मला आठवला फक्त आईचा स्टोव्ह,
त्याची निळी वात. वास नाही, वात.

मग आठवा.
साल कळलं. डोंगराची बाजू कळेना.
गेरेऑनचा दगड निळा, सेव्हेरीनचा लाल.
निळ्याला नुकत्या पुसलेल्या पाटीचा वास,
लालला गंज आणि धुरावलेलं मांस.
चाळीस वर्षं मी हे झोपेतही सांगितलं असतं.
आता तोंडात दोन्ही डोंगर एकच,
गोड, आंबट, थंड, आणि मधे काही नाही.

"गेरेऑन," मी म्हटलं.

मोजा उतरला. सेव्हेरीन.

कुणी काही बोललं नाही.
सेव्हेरीनने आपल्याच बाटलीकडे पाहिलं,
मुलगा दुसऱ्याच्या नावाने हजेरीत सापडावा तसं.
"माझं वाटण्याइतकं चांगलं झालंय म्हणायचं,"
गेरेऑन हळूच म्हणाला, आणि त्याने
पुन्हा ओतून घेतलं. नेहमी तो थुंकतो. हे त्याने गिळलं.

सगळे गेल्यावर मी ग्लास विसळत होते.
"कधीपासून?" फ्रीडेरिकेने विचारलं.
"नोव्हेंबर."
तिने नळ बंद केला. दारातला दगडाचा तुकडा उचलला,
निळा, हातभर, छपरावरून निसटलेला,
आणि भिजवून माझ्यापुढे धरला.
मी चाटला. काय करणार.
शाळेत स्पंज दिला होता, तरी आम्ही पाटी
थुंकीनेच पुसायचो, आणि मग हुंगायचो.
खरखरीत. गार. किंचित खारट, ते बोटांचं असावं.
बाकी पाटी कोरी.

तिने आठवी बाटली पुन्हा ओतली
आणि स्वतःच नाक घातलं. "पावसात भिजलेली बस,"
ती म्हणाली. "आत, शेवटच्या सीटवर. कुणाच्यातरी डब्यात
सोललेलं जर्दाळू."
"असं लिहीत नाहीत."
"मग कसं?"

मी सांगितलं नाही. "अजून?" विचारलं.
ती डोळे मिटून हुंगत राहिली,
आणि मी मोजे पिळत,
एकेक, दोरीवर.